यमू आमच्या दिघीला आली

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्चचा, सन १८६४, गाव खानदेशातलं पारोळा. महिला दिन नावाची गोष्ट तेव्हा जगात कुठेच नव्हती. पण योगायोग बघा, ज्या लेखकानं घरात कोंडलेल्या एका मुलीला ‘मी’ म्हणून कादंबरीभर बोलायला लावलं, त्याचा वाढदिवस नेमका त्याच तारखेला यावा! ‘पण लक्षात कोण घेतो’ ही ती कादंबरी. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं, त्यात ती क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं. लिहायला घेतली तेव्हा लेखकाचं वय होतं सव्वीस.

सव्वीस वर्षांचा तरुण स्वयंपाकघरातलं, माजघरातलं, बायका-बायकांतलं बोलणं इतकं नेमकं कसं लिहू शकला, याचं मला कॉलेजात असल्यापासून नवल वाटत आलंय. बायकांचं बायकांनीच लिहावं, पुरुषाला त्यातलं काय कळणार, असं आपण सहज म्हणून जातो. हाही तसा एक पूर्वग्रहच. हरिभाऊंनी तो मोडला. त्यांनी नुसते कान उघडे ठेवले होते, असं ही कादंबरी वाचताना वाटतं. आणि कान उघडे ठेवायला बाई असावं लागत नाही, पुरुष असलं तरी चालतं!

कथा बहुतेकींना ठाऊक असेल. शाळेत एखादा उतारा धडा म्हणून वाचलेला असतो. यमुना, म्हणजे यमू, आपली कहाणी आपणच सांगते. लहानपण, तिचा दादा, मैत्रीण दुर्गी, मग लग्न, सासर. नवरा रघुनाथराव भला माणूस. तो तिला शिकवतो, मुंबईला घेऊन जातो. तिथे तिला चार सुधारक कुटुंबं भेटतात, मोकळा श्वास मिळतो. आणि सगळं छान चाललेलं असताना तो जातो. त्यानंतर सासरची माणसं, विशेषतः ते धर्माचं पांघरूण घेतलेले शंकरमामंजी, यमूचं जे करतात, ते वाचताना आजही हात थरथरतो. बळजबरीनं केलेलं केशवपन. एवढ्या एका शब्दात ते मावतं, पण पुस्तकात ते मावत नाही, अंगावर येतं.

गेल्या पावसाळ्यात ही कादंबरी मी आमच्या दिघीत मोठ्यानं वाचली. त्याविषयीच आज लिहायचंय.

दिघी म्हणजे श्रीवर्धन तालुक्यातलं, राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेलं गाव. समोर आगरदांडा, थोडं पलीकडे जंजिरा. आगरदांड्याहून गाड्या घेऊन येणाऱ्या फेरीबोटीतून उतरलेले पर्यटक आमच्या गावात थांबत नाहीत, थेट दिवेआगर-हरिहरेश्वरच्या रस्त्याला लागतात. कोळी, मुसलमान, आगरी, कुणबी अशी सगळी वस्ती या पट्ट्यात शेजारी-शेजारी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर चढवलेल्या, जाळी विणायला-दुरुस्तीला काढलेली, सुकट-जवळा डब्यांत भरून ठेवलेला. बायकांना वर्षातून जरा सवड मिळते ती हीच. मी शाळेत शिकवते म्हणून मला सगळ्या ‘बाई’ म्हणतात. दोघी-तिघींनीच गळ घातली, की बाई, टीव्हीवरच्या त्याच त्या मालिका बघून कंटाळा आला, तुम्ही पुस्तक वाचून दाखवा. मग दुपारी तीन ते पाच माझ्या पडवीत आम्ही जमायला लागलो. कधी आठ जणी, कधी पंधरा. कुणाच्या हातात जाळं, कुणाच्या मांडीवर नातवंड.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या ब्राह्मण घरातली गोष्ट, तीही जुन्या वळणाच्या भाषेत. टिकतील का या, अशी मला शंका होती. पण पहिल्या आठवड्यातच त्या यमूत गुंतल्या. मुलाला एक न्याय, मुलीला दुसरा, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. “आमच्याकडे पण तसंच,” हे वाक्य तर दिवसातून चारदा ऐकू यायचं. मुंबईचा भाग आला तेव्हा सगळ्या खूश. नवरा बायकोशी बसून बोलतो, तिला वाचायला देतो, तिचं मत विचारतो, याचंच त्यांना कौतुक. एक जण हसत म्हणाली, “असा नवरा पुस्तकातच भेटायचा गो!”

आज हसू येतं, पण त्या काळी ही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलणंसुद्धा निलाजरेपणाचं समजत. खुद्द न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात रमाबाईंच्या शिकण्याला घरच्याच बायकांनी किती विरोध केला, ते रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली आलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. बायकोला शिकवणारा नवरा म्हणजे बायकोच्या मुठीतला, असा शिक्का तयारच असायचा. म्हणजे पूर्वग्रह बाईपुरता थांबत नाही. बाईशी माणसासारखं वागणाऱ्या पुरुषालाही तो सोडत नाही.

आणि त्याच रानड्यांची दुसरी गोष्ट घ्या. विधवाविवाहाच्या चळवळीत ते पुढे होते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. एवढ्या मोठ्या माणसालाही ते जड गेलं, तिथे बाकीच्यांचं काय? बायको गेली की वर्षाच्या आत नवी बायको, तीही कुमारिकाच. नवरा गेला की मात्र केस गेले, रंगीत लुगडं गेलं, नाव गेलं, सणवार गेले. एकाच दुःखाचे दोन हिशेब!

केशवपनाचं प्रकरण ज्या दिवशी वाचलं, त्या दिवशी बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. वाचून झालं. कुणीच काही बोललं नाही. जाळं विणणारे हात थांबले होते. थोड्या वेळानं आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, “आमच्यात हे नव्हतं बाई. आमच्यात पाट लागायचा.”

त्या म्हणाल्या ते खरं आहे. वपन ही मुख्यतः ब्राह्मणांतली आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींतली रूढी. कोळी, आगरी, कुणबी अशा कष्टकरी समाजांत विधवेचा पाट किंवा म्होतूर लावण्याची रीत होती. त्या लग्नाला पहिल्या लग्नाचा मान नसे, पण बाईचं आयुष्य तिथेच संपवून टाकत नसत. शिवाय म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई घराच्या कोनाड्यात बसवून कुणाला परवडणार? घरातला पैशाचा व्यवहार तिच्या हातात. नवरा समुद्रावर, बाजार बायकोकडे.

पण मग मी मावशींना विचारलं, “मावशी, आता लावतात का पाट?” त्या म्हणाल्या, “आता कुठे? आता आपल्यात पण मोठ्या लोकांसारखं झालंय.”

मला वाटतं, या एका वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी जिला संस्कृतीकरण म्हटलं ती प्रक्रिया मावशींनी त्यांच्या भाषेत सांगितली. चार पैसे आले, घर पक्कं झालं, मुलं शिकली, की आपण वरच्यांच्या रीती उचलतो. त्यात चांगलं किती उचललं हा प्रश्नच आहे, पण बाईला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी मात्र हटकून उचलल्या जातात. ज्या समाजात विधवेला दुसरा संसार मांडता यायचा, तिथेही आता तिचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, जोडवी काढतात, तीही चारचौघांत, तिचा आक्रोश चाललेला असताना. वस्तरा तेवढा गेला. बाकी सगळं शिल्लक आहे.

त्या दिवशी शेजारच्या मोहल्ल्यातल्या एक भाभीही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्यात चार महिने दहा दिवस इद्दत असते. मग ती मोकळी, दुसरा निकाह करू शकते. पण बाई, कायद्यानं मोकळी आणि लोकांच्या तोंडातून मोकळी यात फरक आहे ना?” सगळ्यांनी माना डोलावल्या. धर्म वेगळे, रीती वेगळ्या, पण ‘लोक काय म्हणतील’ या सासूबाई दोन्हीकडे एकच!

ज्या वर्षी यमूची गोष्ट छापायला लागली, ते १८९० साल मोठं गडबडीचं होतं. मुलींच्या संमतिवयाचा वाद पेटला होता. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, कायद्यानं ते वय दहावरून बारा केलं. दहावरून बारा! आज हे आकडे वाचताना विश्वास बसत नाही, पण तेवढ्यासाठीही महाराष्ट्रात केवढी रणं माजली. त्याच १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं वपन आम्ही करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. ही गोष्ट सांगितल्यावर माझ्या पडवीत टाळ्या पडल्या. पोटावर पाय येत असताना, मिळणारे पैसे सोडून, ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. शास्त्रार्थ करणाऱ्या मोठमोठ्या पंडितांपेक्षा मला ही माणसं जवळची वाटतात.

आणि आणखी एक यमुना होती. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला आणि लगेच १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. तिची नायिकाही यमुनाच, आणि विषयही विधवांचं दुःख. मराठी कादंबरीनं डोळे उघडले ते या प्रश्नावर. पस्तीस वर्षांनी हरिभाऊंनाही तोच प्रश्न पुन्हा मांडावा लागला. कायदा होऊन इतकी वर्षं लोटल्यावरही ‘पण लक्षात कोण घेतो’ असंच विचारावं लागलं, यातच सारं आलं.

आमच्या किनाऱ्यावर मात्र या प्रश्नाला एक वेगळीच खारट बाजू आहे. पुण्याच्या वाड्यात नवरा जातो तेव्हा तो गेलेला निदान डोळ्यांना दिसतो. समुद्रावर गेलेला माणूस परत आलाच नाही तर? होडी उलटली, दोघं पोहत आले, तिसऱ्याचा पत्ता नाही. देह सापडला नाही म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे बँकेतले पैसे अडले, घर-होडीचं नाव बदलणं अडलं, मदतीचा अर्ज अडला. पुराव्याच्या कायद्यानुसार बेपत्ता माणूस मेला असं साधारणपणे सात वर्षांनी धरलं जातं. सात वर्षं! या सात वर्षांत ती बाई कोण? सौभाग्यवती की विधवा?

अशी एक मुलगी आमच्या वाचनाला येत असे. मुलगीच म्हणते, कारण तिशीसुद्धा उलटलेली नाही. माहेर आमच्या गावातलं, सासर जवळच्या दुसऱ्या बंदरावरचं. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. सासरी पहिलं वर्षभर तिला कुंकू लावायला लावलं, कारण पुसलं तर आपणच त्याला मारल्यासारखं होईल. वर्षानंतर कुणीतरी म्हणालं, आता कशाला आशा, आणि एका संध्याकाळी दोघी जावांनी मिळून तिच्या बांगड्या काढल्या. मग ती माहेरी आली. आता इथे कोलंबी सोलायला जाते, एक मुलगा आहे, पहिलीत. तिनं हे सगळं आम्हाला इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगते आहे. शेवटी म्हणाली, “यमूला निदान माहीत तरी होतं. मला कुंकू लावायला पण त्यांनीच सांगितलं, पुसायला पण त्यांनीच. मला कुणी विचारलंच नाही.”

मला कुणी विचारलंच नाही. कादंबरीचा एवढा मोठा ग्रंथ एका वाक्यात यावा, तसं ते वाक्य होतं.

५ मे २०२२ च्या सुमाराला एक बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत झळकली होती, आठवते का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात यापुढे नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी याआधीच, आपल्यामागे पत्नीवर ही सक्ती होऊ नये असं प्रतिज्ञापत्रच करून ठेवलं होतं. नवऱ्यानं जिवंतपणी असं लिहून ठेवणं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. बाईच्या अंगावरच्या सौभाग्यलेण्यांची मालकी नवऱ्याकडे असते असं समाज मानतो ना, मग त्यानंच हक्क सोडल्याचं लिहून द्यावं!

पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. ठराव कागदावर राहतात. आणि मुळात ज्या क्षणी घरात मयत पडलेली असते, त्या क्षणी कुणाला ठराव आठवतो? तिथे जमलेल्या चार वयस्कर बायका ठरवतात. त्या दुष्ट असतात असं मी म्हणणार नाही. त्यांच्यावरही तेच झालेलं असतं, आणि त्या मनातून घाबरलेल्या असतात. आमच्यासारख्या गावात तर प्रत्येकीचा नवरा, मुलगा, भाऊ रोज समुद्रावर जीव टांगून असतो. होडी निघताना समोर कोण आलं, कुणी मागून हाक मारली, यावरसुद्धा मन चळतं. त्या भीतीला मग कुणीतरी सोपं लक्ष्य लागतं. पांढऱ्या पायाची, अवलक्षणी, नवऱ्याला खाल्लंस, असे शब्द त्या भीतीतून येतात. भीती समजून घेता येते, पण तिची किंमत एकाच बाईनं किती दिवस मोजायची?

इथे मला आमच्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट आठवते, जी आमच्या मुलांनाही फारशी माहीत नाही. हा सगळा मुलूख स्वातंत्र्यापर्यंत जंजिरा संस्थानात होता. १९२२ साली नवाब सिद्दी अहमदखान वारले तेव्हा गादीचा वारस लहान होता. तो जाणता होईपर्यंत, १९३३ पर्यंत, संस्थानाचा कारभार नवाबाच्या विधवेनं, कुलसूम बेगम यांनी, रीजंट म्हणून पाहिला. म्हणजे समोर जंजिरा दिसतो त्याच्या मुलखावर एक विधवा अकरा वर्षं हुकूम चालवत होती आणि त्यानं कुणाची होडी बुडाली नाही! हे सांगितल्यावर आमच्या भाभींचा चेहरा असा काही खुलला म्हणून सांगू!

विधवेच्या नावाचं प्रकरणही आमच्या पडवीत निघालं. लग्नपत्रिका बघा. नवरीच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’, आईच्या नावामागे ‘सौ.’, आणि आजीच्या नावामागे ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी. नाव वाचायच्या आधी नवरा आहे की नाही ते कळलं पाहिजे. आजोबा एकटे असतील तर मात्र त्यांच्या नावामागे साधं ‘श्री.’, लग्नाआधी श्री., नंतर श्री., बायको गेली तरी श्री.! २०२३ च्या एप्रिलमध्ये विधवांना सरकारदरबारी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं अशी सूचना मंत्रालयातून पुढे आली होती, तेव्हा महिला संघटनांनी जोरदार आक्षेप घेतला. कुणी म्हणेल, शब्दावरून एवढं काय? पण आमच्यातल्याच एका काकींनी सांगितलं, मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत स्वतःच्या नावामागे त्यांनी काहीच लावू दिलं नाही. छापखान्यातला मुलगा दोनदा विचारायला आला, “काकी, काहीतरी राहिलंय.” त्या म्हणाल्या, “राहिलं काही नाही बाळा, होतं ते काढलंय.”

कादंबरी संपली ती नारळी पौर्णिमेच्या आधी. होड्या पाण्यात गेल्या, बायका बाजाराला लागल्या. मग संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. आम्ही पाच-सहा जणींनी ठरवलं, की यंदा माझ्या घरी करायचं आणि सगळ्यांना बोलवायचं. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. भाभींनाही.

गोड गोड चित्र रंगवायचं नाही मला. तिसेक जणींना आमंत्रण होतं, आल्या एकोणीस. दोघी-तिघी दारापर्यंत येऊन, आत कोण बसलंय ते पाहून, ‘नंतर येते’ म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत. एका सुनेला सासूनं पाठवलंच नाही. नेहमी अशा वेळी काय होतं, तर हळदीकुंकवाचं ताट एकीपुढून दुसरीपुढे सरकत जातं आणि मध्ये एखादी बसलेली असली तर तिच्यापुढून न थांबता पुढे जातं. कुणी बोलत नाही, कुणी बघत नाही. आम्ही ठरवलं होतं, यंदा ताट थांबेल.

ती मुलगी आली होती. मुलाला घेऊन, दाराजवळ बसली. ताट तिच्यापुढे आलं. मावशींनी स्वतः बोटावर कुंकू घेतलं. सगळ्यांचे श्वास अडकले. तिनं मावशींचा हात हळूच धरला आणि म्हणाली, “मावशी, कुंकू नको. हळद लावा. आणि वाण द्या, मला डबा हवाय.”

क्षणभर कुणाला काय करावं कळेना. आमच्यातल्या एकीला वाईट वाटलं, ती नंतर मला म्हणालीसुद्धा, “आपण एवढं केलं आणि तिनंच नाही म्हटलं.” मला मात्र तसं वाटलं नाही. कुंकू लावायला लावणारे चार हात आणि पुसणारे चार हात तिनं पाहिले होते. त्यात आमच्या सुधारणेच्या हातांची भर कशाला? त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारलं, आणि तिनं उत्तर दिलं. उत्तर आपल्या मनासारखं आलं पाहिजे अशी अट घालायची असेल, तर विचारण्यात काय अर्थ? मावशींनी हळद लावली, डबा दिला, तिळगूळ दिला, मुलाला दोन लाडू जास्तीचे. मग ती तासभर बसली, गप्पा मारल्या, उखाण्यांना हसली.

ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत हेरवाडसारखा ठराव मांडायचं आता आमच्यातल्या काही जणींच्या मनात आहे. मांडू. पास झाला तर आनंदच. पण त्या ठरावात मला एक वाक्य जास्तीचं घालायचंय: ‘तिला विचारल्याशिवाय काहीही करू नये.’ पुसू नये, आणि लावूही नये. आणि समुद्रावर बेपत्ता झालेल्यांच्या बायकांचे कागद सात वर्षं अडून राहू नयेत म्हणून तालुक्याला एक अर्जही द्यायचाय. यमूच्या गोष्टीतून आम्ही इथवर येऊ, असं हरिभाऊंना वाटलं नसेल.

येत्या पावसाळ्यात वाचायला ‘माझे पुराण’ काढून ठेवलंय. आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे यांचं आत्मचरित्र. बालपणीच विधवा झालेली कोकणातली मुलगी, मुंबईत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, आणि ११ मार्च १८९३ ला, म्हणजे यमूची कादंबरी पुस्तकरूपानं आली त्याच वर्षी, धोंडो केशव कर्व्यांशी तिनं लग्न केलं. ते दोघं मुरुडला गेले, आमच्या समोरचं मुरुड नव्हे, दापोलीजवळचं, तर गावानं बहिष्कार घातला. पुढे त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. हे सगळं मी मावशींना सांगत होते. त्यांना बाकी कशात रस नव्हता. मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, “ते असू दे बाई. हिचं तरी पुढे बरं झालं ना?”

म्हटलं, “झालं मावशी. चांगली म्हातारी झाली, आणि स्वतःची गोष्ट स्वतःच लिहून गेली.”

“मग वाचूया,” मावशी म्हणाल्या.